बेघरपणा आणि भाडेसाहाय्य : ब्रिटनमधील २०१० नंतरचा वाद

ब्रिटनमध्ये ६ मे २०१० रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोणत्याच पक्षाला बहुमत मिळाले नाही. हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या पक्षांनी मिळून डेव्हिड कॅमेरून यांच्या नेतृत्वाखाली सरकार बनवले आणि तूट भरून काढण्यासाठी खर्चावर कात्री चालवली. तिचा एक मोठा घाव गरीब भाडेकरूंना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर बसला. या कपातीने माणसे बेघर होतील का, आणि झाली तर त्यांची जबाबदारी कोणाची, हा वाद तेव्हापासून चालू आहे. येथे मुख्यतः इंग्लंडचा विचार केला आहे. स्कॉटलंड आणि वेल्स यांची गृहनीती त्यांची स्वतःची असून ती बरीच निराळ्या वाटेने गेली.

‘बेघर’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबईचा पदपथ येतो. इंग्लंडच्या कायद्यात हा शब्द पुष्कळ व्यापक आहे. लिबरल खासदार स्टीफन रॉस यांनी मांडलेल्या आणि तेव्हाच्या मजूर सरकारने पाठिंबा दिलेल्या १९७७ च्या कायद्याने बेघरांना घर मिळवून देणे हे स्थानिक कौन्सिलचे कर्तव्य ठरवले. डोक्यावर छप्पर असले तरी जिथे राहणे अशक्य झाले आहे, असे कुटुंबही या कायद्याने बेघर ठरते. मात्र पूर्ण हक्क सर्वांना नाही. पदरी मुले असलेली कुटुंबे, गर्भवती स्त्रिया, वृद्ध, आजारी अशांना अग्रक्रम आहे. अर्जदाराने जाणूनबुजून घर गमावलेले नसावे आणि त्या भागाशी त्याचे नाते असावे, याही अटी आहेत. धडधाकट एकट्या माणसाच्या वाट्याला बहुधा सल्लाच येत असे. म्हणजे रस्त्यावर झोपणारा माणूस सर्वांना दिसतो, पण कायद्याचा आधार मुख्यतः न दिसणाऱ्या कुटुंबांना आहे. या दोन चित्रांची गल्लत वादात सतत होत राहिली. मुंबईच्या पदपथवासीयांच्या १९८५ च्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, तरी पर्यायी घर मिळण्याचा सरसकट हक्क त्यातून निघाला नाही. इंग्लंडमध्ये तसा हक्क, अटींसह का होईना, संसदेने दिला होता. प्रश्न घरांचा होता.

ती घरे हळूहळू सरकारच्या हातून गेली होती. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. ‘राइट टू बाय’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत एकट्या इंग्लंडमध्ये आजवर सुमारे वीस लाख घरे विकली गेली. आलेला पैसा नव्या बांधकामात घालायला कौन्सिलांना मोकळीक नव्हती. पुढे १९८८ च्या कायद्याने खासगी घरांच्या नव्या करारांतील भाडे बाजारावर सोडले. त्याच कायद्याच्या कलम २१ खाली घरमालक कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामे करून घेऊ शकत असे. ज्यांना पूर्वी कौन्सिलचे घर मिळाले असते ते खासगी भाड्याच्या घरांत गेले आणि त्यांच्या भाड्याचा मोठा हिस्सा ‘हाउसिंग बेनिफिट’ या भाडेसाहाय्यातून सरकार भरू लागले. पूर्वी विटांवर होणारा खर्च आता घरमालकाच्या खात्यात जमा होत होता.

अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी २२ जून २०१० रोजी तातडीचा अर्थसंकल्प मांडला. दहा वर्षांत हे साहाय्य १४ अब्ज पौंडांवरून २१ अब्जांवर गेले आणि काही कुटुंबांना वर्षाला १ लाख ४ हजार पौंड मिळतात, असे त्यांनी सांगितले. अशी कुटुंबे मूठभर होती, तरी पुढची सगळी चर्चा त्या एका आकड्याभोवती फिरली. खासगी भाडेकरूंच्या साहाय्यावर आठवड्याला कमाल मर्यादा आली : एका झोपण्याच्या खोलीच्या घरासाठी २५० पौंड, चार खोल्यांसाठी ४००. त्याहून दूरगामी बदल मात्र शांतपणे झाला. तोवर साहाय्य ठरवताना त्या भागातील मधले भाडे धरत. आता स्वस्तातल्या तीस टक्के घरांपुरतेच ते धरले जाऊ लागले.

सरकारची बाजू अशी होती की, स्वतः कमावून भाडे भरणाऱ्या कुटुंबाला मध्य लंडन परवडत नसेल, तर करदात्याच्या पैशावर इतरांनी तिथे राहणे न्याय्य नाही. शिवाय साहाय्य घटले की घरमालक भाडे उतरवतील. पहिला मुद्दा लोकांना पटणारा होता आणि मजूर पक्षालाही तो सहज खोडता आला नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये मजूर खासदार ख्रिस ब्रायंट यांनी संसदेत, या धोरणाने गरीब लंडनमधून साफ केले जातील, अशा अर्थाचे शब्द वापरले. उपपंतप्रधान निक क्लेग यांनी ते अत्यंत अपमानकारक असल्याचे म्हटले. पण लगोलग लंडनचे हुजूर महापौर बोरिस जॉन्सन यांनीच वांशिक हकालपट्टीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोसोव्होचे उदाहरण देऊन, तसली हकालपट्टी लंडनमध्ये होऊ देणार नाही, असे सांगितले. आपले बोलणे संदर्भ सोडून छापले, असा खुलासा त्यांना नंतर करावा लागला.

दुसऱ्या मुद्द्याचा निकाल आकड्यांनी दिला. सरकारनेच करवून घेतलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, कपातीचा सुमारे नऊ दशांश भार भाडेकरूंनी सोसला. घरमालकांनी जेमतेम एक दशांश. भाडे फारसे उतरलेच नाही. या नोंदीतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

याच काळात परवडणाऱ्या घरांच्या बांधकामाची तरतूद जवळपास निम्म्यावर आली. कौन्सिल किंवा ना-नफा गृहसंस्था भाड्याने देतात त्या नव्या सामाजिक घरांना बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडे लावण्याची मुभा मिळाली आणि त्याला नाव दिले गेले ‘परवडणारे भाडे’. लंडनमधल्या सफाई कामगाराच्या पगारात ते बसत नाही. २०११ च्या लोकलिझम कायद्याने बेघर कुटुंबाला खासगी भाड्याचे घर देऊन कौन्सिलला आपले कर्तव्य पुरे झाल्याचे सांगता येऊ लागले, कुटुंबाची संमती नसली तरी. खासगी घर शहरात परवडेना, म्हणून कौन्सिले बाहेर शोधू लागली. एप्रिल २०१२ मध्ये पूर्व लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलने दूरच्या स्टोक-ऑन-ट्रेंटमधील एका गृहसंस्थेला पत्र लिहून पाचशे कुटुंबांपर्यंत सामावून घ्याल का, अशी विचारणा केली. न्यूहॅम मजूर पक्षाकडे होते, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वापरली. त्याच न्यूहॅममध्ये २०१३ साली वसतिगृह सोडण्याची नोटीस मिळालेल्या तरुण मातांना मँचेस्टर, हेस्टिंग्ज अशी गावे सुचवण्यात आली. त्यांनी ‘फोकस ई-१५’ नावाची मोहीम उभारली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये कार्पेंटर्स इस्टेट या वसाहतीतील कौन्सिलच्या रिकाम्या सदनिकांचा ताबा घेतला. तान्ह्या मुलांना घेऊन उभ्या राहिलेल्या या मुलींनी जे दाखवले ते कोणत्याही अहवालाने तोवर दाखवले नव्हते : घर नाही म्हणणाऱ्या कौन्सिलचीच घरे कुलूपबंद होती.

न्यायालयानेही दखल घेतली. वेस्टमिन्स्टरमधील पाच मुलांच्या एका आईला, साहाय्यावरील मर्यादेमुळे भाडे झेपेनासे झाल्यावर, मिल्टन कीन्सजवळ घर देऊ करण्यात आले. तिने नकार देताच कौन्सिलने जबाबदारी संपल्याचे कळवले. एप्रिल २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला. जवळचे घर का मिळू शकले नाही हे कौन्सिलने दाखवून दिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

सर्वांत गाजली ती ‘बेडरूम टॅक्स’ या टोपणनावाने ओळखली गेलेली कपात. एप्रिल २०१३ पासून कौन्सिलच्या वा गृहसंस्थेच्या घरात एक खोली जादा असेल तर साहाय्य १४ टक्क्यांनी, दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्क्यांनी कमी झाले. निवृत्त वयाच्या लोकांना ती लागू नव्हती. सरकारच्या अंदाजाने ६ लाख ६० हजार कुटुंबांना तिची झळ बसणार होती आणि त्यांपैकी बहुसंख्य घरांत कोणी ना कोणी अपंग होते. मोठी कुटुंबे कोंबून राहत असताना खोल्या रिकाम्या का ठेवायच्या, हा प्रश्न रास्त होता. पण लहान घरे पुरेशी नव्हतीच. हलायचे म्हटले तरी जायचे कुठे? जादा ठरलेल्या खोलीत कधी डायलिसिसचे यंत्र असे, कधी रात्री येणारी काळजीवाहू बाई. संयुक्त राष्ट्रांच्या गृहहक्कविषयक प्रतिनिधी रॅकेल रोलनिक यांनी २०१३ मध्ये ही कपात थांबवण्याची सूचना केली, तेव्हा हुजूर पक्षाचे अध्यक्ष ग्रँट शॅप्स यांनी त्यांच्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली. स्कॉटलंडच्या सरकारने मात्र आपल्या तिजोरीतून भाडेकरूंची तूट भरून काढली. २०१२ च्या अखेरीस तिथे अग्रक्रमाची अटही काढून टाकण्यात आली होती.

रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या मोजणीतही सुधारणा झाली आणि तिचे श्रेय नव्या सरकारला दिले पाहिजे. पूर्वीच्या पद्धतीत इंग्लंडचा आकडा काही शेच येई; नव्या मोजणीत २०१० च्या शरदात तो १,७६८ निघाला. २०१७ मध्ये तो ४,७५१ झाला. तात्पुरत्या निवाऱ्यातील कुटुंबे २०१० अखेर सुमारे ४८ हजार होती, मार्च २०२५ मध्ये १,३१,१४०, आणि त्यांत मुले १ लाख ६९ हजारांवर. खासगी भाडेकरार संपल्याने बेघर झालेल्यांचे प्रमाण २००९-१० मध्ये नऊ-दहांत एक होते, ते २०१६-१७ पर्यंत तिघांत एक इतके झाले. २०१७ च्या राष्ट्रीय लेखापरीक्षण अहवालाने भाडेसाहाय्यातील बदलांचा यात हात असावा असे नोंदवले आणि सरकारने त्या परिणामाचा अभ्यासच केला नसल्याचे दाखवले. बेघरांवर कौन्सिलांचा खर्च तोवर वर्षाला एक अब्ज पौंडांपलीकडे गेला होता. एका खिशातून वाचवलेला पैसा दुसऱ्या खिशातून जात होता, आणि तोही ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ प्रकारच्या निवासगृहाच्या एका खोलीत अख्खे कुटुंब ठेवण्यासाठी.

हुजूर खासदार बॉब ब्लॅकमन यांच्या २०१७ च्या कायद्याने घर जाण्याआधीच मदत करणे कौन्सिलांवर बंधनकारक केले आणि एकट्या माणसांनाही त्या मदतीत घेतले. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष पंधरा लाख घरांचे आश्वासन देऊन निवडून आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत झालेल्या त्याच्या भाडेकरू हक्क कायद्यात कलम २१ रद्द करण्याची तरतूद आहे. खासगी भाड्यासाठीचे साहाय्य मात्र एप्रिल २०२५ मध्ये आदल्या वर्षीच्याच पातळीवर गोठवले गेले, भाडी वाढत असताना. आणि २०१३ साली विरोधी बाकांवरून रद्द करण्याचे वचन दिलेला ‘बेडरूम टॅक्स’ २०२५ मध्येही इंग्लंडमध्ये लागूच होता.