डिस्कससाठी टाकी घेण्याआधी बादल्या मोजा

तालुक्याच्या दुकानात तयार मिळणारी काचेची टाकी बहुधा २ × १ × १ फुटाची असते. काठोकाठ भरली तर तिच्यात ५६ लिटर पाणी मावते. गप्पीसारख्या छोट्या माशांसाठी ती उत्तम आहे. डिस्कस या शोभेच्या माशाचे पिल्लू दोन-अडीच इंचांचे असताना त्यालाही ती पुरेशी वाटते आणि फसगत इथेच होते. पूर्ण वाढलेला डिस्कस १५ ते १८ सेंटिमीटरचा, उभी धरलेली छोटी भाकरच. शिवाय तो एकटा ठेवायचा मासा नाही. हा सिक्लिड कुळातला मासा असून कळपात मोठा कोण, लहान कोण हे ठरवूनच राहतो. दोन-तीनच मासे असले की सगळा मार एकाच्या वाट्याला येतो. तो काळवंडतो, कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो आणि खाणे सोडतो. सहा असले की मार वाटला जातो. म्हणून सुरुवात सहापासून.

एका मोठ्या माशाला ४० लिटर धरले, तर सहांना २४० लिटर लागतात. हे माशांना प्रत्यक्ष मिळणारे पाणी, काठापर्यंतचे माप नव्हे. ४ × १.५ × १.५ फुटाची टाकी म्हणजे ९ घनफूट, म्हणजेच २५५ लिटर. वरची दोन इंच रिकामी सोडली की सव्वादोनशेच्या आसपास उरतात. पाच माशांना ठीक, सहांना जरा ओढाताण.

एवढा खर्च करणारच असाल तर लांबी ४, रुंदी २ आणि उंची १.५ फूट अशी टाकी बनवून घ्या. तिच्यात सुमारे ३०० लिटर पाणी राहते. पुष्कळ जण याच मापाचे पाणी १.५ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीत भरतात, कारण दिवाणखान्यात ती ऐटदार दिसते. पण काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीने वाढतो, लांबी-रुंदीने नाही. दीड फूट उंचीला १० मिलिमीटर काच पुरते, दोन फुटांना १२ मिलिमीटर घ्यावी लागते. रुंद टाकीत पाण्याचा पृष्ठभागही ६ ऐवजी ८ चौरस फूट मिळतो आणि प्राणवायू तिथूनच विरघळतो. तळ पुसायला खांद्यापर्यंत हात बुडवावा लागत नाही, हा फायदा रोजचा. ४ फूट लांब पण फूटभरच रुंद अशी टाकी मात्र घेऊ नका. मोठ्या डिस्कसला तिच्यात नीट वळता येत नाही.

पाणी, काच आणि स्टँड मिळून वजन ४०० किलोच्या घरात जाते. सारवलेल्या जमिनीवर स्टँडचा एक पाय हळूहळू खचतो, काच पिळली जाते आणि कोपऱ्यातले सिलिकॉन सुटते. आपल्याकडच्या काळ्या मातीवर घातलेला कोबाही भरवशाचा नाही, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. स्टँडवर प्लायवूड आणि त्यावर अर्ध्या इंचाचे थर्माकोल घाला. पहिल्या पावसानंतर टाकीतल्या पाण्याची रेघ दोन्ही टोकांना काठापासून सारख्या अंतरावर आहे का, ते पट्टीने मोजा. वेगळी लेव्हल आणायची गरज नाही.

आता बादल्या. डिस्कस दिवसातून अनेकदा खातो, खाणे प्रथिनांचे असते आणि पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस ठेवावे लागते, त्यामुळे घाणही लवकर होते. आठवड्यातून दोनदा ४० टक्के पाणी बदलायचे, तर ३०० लिटरच्या टाकीला दर वेळी १२० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या आठ बादल्या लागतात. हे पाणी थेट बोअरमधून ओतायचे नाही. २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये ते चोवीस तास हवेचा दगड (पंपाच्या नळीला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) लावून ठेवायचे. बोअरच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लपणा-अल्कलीपणाचे माप, वर चढतो. तो चढायचा तर ड्रममध्ये चढावा, माशांच्या अंगावर नाही. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असेल तर तेही बरेचसे निघून जाते.

बोअरचे पाणी बहुधा जड असते, डिस्कसला मऊ लागते. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) ६०० असेल आणि आरओच्या पाण्याचा ३० असेल, तर एक बादली बोअर आणि चार बादल्या आरओ असे मिसळल्यास साधारण १४५ येतो. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलातच मीठ असल्यामुळे आरओचा वाटा आणखी वाढतो. पीएचकडेही लक्ष हवे. ३० अंशांना पीएच ७ असताना माशांच्या घाणीतून येणाऱ्या एकूण अमोनियाचा जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो सात टक्क्यांवर जातो. लहान टाकीत एक वेळचे खाणे उरून सडले तरी एवढ्याने मासे धापा टाकू लागतात. मोठ्या टाकीत तुम्हाला सावरायला वेळ मिळतो.

उन्हाळ्यात हेच तापमानाबाबत खरे ठरते. २ × १ × १ च्या टाकीत दर घनफूट पाण्यामागे सहाही बाजू मिळून ५ चौरस फूट पृष्ठभाग असतो, ४ × २ × १.५ मध्ये पावणेतीनच. उष्णता आत शिरते ती पृष्ठभागातून, म्हणून नवतपात (मे अखेरीच्या कडक उन्हाच्या दिवसांत) लहान टाकी दुपारपर्यंत तापते आणि मोठी रेंगाळते. पाण्यावर छोटा पंखा सोडला तर कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. पावसाळ्यातल्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. उडालेल्या पाण्याची भरपाई फक्त आरओच्या पाण्याने करा, कारण पाणी उडते, क्षार मागे राहतात. स्लॅबवरच्या टाकीतले दुपारचे पाणी तर चुकूनही ओतू नका.

लाइन गेली तर? स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप ठेवा. हा पंप पाच-दहा वॅटचा असतो, इन्व्हर्टर त्याला रात्रभर ओढतो. हिवाळ्यात ३०० वॅटच्या एका हीटरऐवजी १५० चे दोन लावा. एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो, आणि एखादा चालूच राहिला तरी एकट्याने पाणी उकडत नाही.

मे महिन्यात नळ चार दिवसांनी येत असेल आणि आठवड्याला २४० लिटर काढणे शक्य नसेल, तर सहांचा विचार सोडा. जमलेली जोडी मिळाली तर २ × १.५ × १.५ फुटाची टाकी पुरते. एका वेळी ४५ लिटर, तीन बादल्या. पण नर-मादी नुसते पाहून ओळखता येत नाहीत. दोघे मिळून एकच फरशी किंवा पाइप तोंडाने साफ करताना दिसले, तीच जोडी घ्या. दुकानदाराने अंदाजाने काढून दिलेले दोन मासे घेतले, तर एक दुसऱ्याला मारत बसेल.