ज्वारी शेतातून गेली, मग ताटातून : विदर्भातल्या ‘डाएट’ची पार्श्वभूमी

दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, हा वाद मोबाईलवरून विदर्भातल्या गावोगावी पोचला आहे. ‘दीक्षित डाएट’ म्हणजे काय, हे आता बचतगटाच्या बैठकीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण उरकायचं आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चालायचं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ही पद्धत घरोघरी नेली. मूळ विचार मात्र काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे दीक्षित स्वतःच सांगतात. वारंवार खाल्लं की वारंवार इन्सुलिन पाझरतं आणि चरबी साठते, हे जिचकार भाषणांतून पटवून देत. 2004 साली कोंढाळीजवळ अपघातात ते गेले. आपली ही पद्धत राज्यभर पोचलेली त्यांना पाहता आली नाही.

आहारावरचं काम विदर्भात त्याच्याही आधीपासून चाललेलं आहे. 1934 साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. 1936 पासून गांधीजी सेवाग्रामला राहू लागले. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळाऐवजी हातसडीचा, साखरेऐवजी गूळ, घाणीचं तेल, जात्यावरचं पीठ, रोजच्या जेवणात कच्चा पाला, असा त्यांचा आणि संघाचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांचा आग्रह होता. आज पाकिटबंद होऊन दुकानात येणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्या यादीत होत्या. फरक इतकाच, की त्यांच्यापुढे प्रश्न उपासमारीचा आणि गावातल्या रोजगाराचा होता, वाढलेल्या वजनाचा नव्हता.

वजनाचा प्रश्न आला तो शेत बदलल्यावर. पश्चिम विदर्भाचं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी नाही तर झुणका, आणि जवसाची चटणी. सालदाराला मोबदलाही ज्वारीत मिळायचा. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आलं. लोक त्याला नुसतं ‘हायब्रीड’च म्हणायचे. उत्पन्न वाढलं, पण हे वाण लवकर तयार होई. दाणा भरताना परतीचा पाऊस गाठायचा आणि कणसं काळी पडायची. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही आणि तिची भाकर लेकरांच्या गळ्याखाली उतरत नाही. त्यात दिवसा पाखरं हाकायची आणि रात्री रानडुकरांसाठी जागल करायची. मग नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं. शंभर-एक दिवसांत हातात पैसा, वर रब्बीला हरभऱ्यासाठी वावर मोकळं. शेतकऱ्यानं ज्वारी सोडली ती हौसेनं नाही.

एकटी ज्वारी गेली असती तर एवढं बिघडलं नसतं. तिच्या ओळींमधला मूग, उडीद, बरबटी गेली, धुऱ्यावरची अंबाडी गेली. तणनाशक आल्यावर तरोट्यासारख्या पावसाळी रानभाज्याही कमी झाल्या. कडबा गेला तशी गाय-म्हैस घटली, आणि ताक शेजाऱ्याकडून मागून आणायची वस्तू राहिली नाही.

रिकाम्या जागेत रेशन आलं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य दिलं आणि त्यानं असंख्य घरं तगली, हे मान्य करायलाच हवं. कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोनं होतं, पिशवीत मात्र बहुतांशी गहू-तांदूळच आले. त्यामुळे आज निंदणाला निघालेल्या बाईच्या डब्यात पोळी आणि आलूची भाजी असते. सकाळी गोड चहाबरोबर दोन टोस्ट, संध्याकाळी परत भात. डाळ महाग म्हणून वरण पातळ.

म्हणून डाएटचा सल्ला जसाच्या तसा गावात लागू करणं मला धोक्याचं वाटतं. दिवसभर वावरात वाकलेल्या बाईला ‘रोज चाला’ म्हणून काय सांगायचं? तिचं रक्त कमी असेल, तर जेवण कमी करण्याआधी ताटात डाळ आणि पाला वाढायला हवा. दीक्षितांनीही अठरा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाया यांना या पद्धतीतून वगळलं आहे. फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये नेमकं तेच गळतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा तोडल्या, तर साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

काट्यावरचं वजनही फसवं असतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते, विशेषतः पोटावर. त्यांची स्वतःची आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांची उंचीच्या मानानं वजनाची पातळी सारखीच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर बघतात: पुरुषाचा 90 सेंटिमीटर आणि बाईचा 80 सेंटिमीटरच्या आत हवा. हे मोजायला शिंप्याकडची टेप पुरते, आणि आरोग्य उपकेंद्रात साखर तपासायला सांगताना ‘मी तर वाळकी आहे’ म्हणून मागे हटायचं कारण उरत नाही.