स्पामधील ग्राहकांचे शिष्टाचार

मसाज, बाष्पस्नान, सॉना (तापवलेल्या खोलीतले कोरडे उष्णस्नान), फेशियल अशा सेवा घेण्यासाठी स्पामध्ये जाणाऱ्या ग्राहकाने पाळावयाचे संकेत. वरवर पाहता ते श्रीमंती नखऱ्यांसारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक संकेत आरोग्य, स्वच्छता आणि थेरपिस्टची सुरक्षितता यांतून आलेले आहेत.

ठरलेल्या वेळेच्या साधारण १५ मिनिटे आधी पोहोचणे इष्ट. कपडे बदलणे, दागिने काढून ठेवणे, अर्ज भरणे यांत तेवढा वेळ जातोच. उशीर झाल्यास सहसा सत्र लांबवले जात नाही, त्यातली मिनिटे कापली जातात. पुढच्या ग्राहकाआधी चादरी बदलून खोली आवरायची असते. अपॉइंटमेंट रद्द करायची असल्यास अनेक ठिकाणी २४ तास आधी कळवावे लागते.

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग म्हणजे आरोग्याचा अर्ज. गर्भारपण, रक्तदाब, हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया, अ‍ॅलर्जी, चालू औषधे यांची माहिती संकोचापोटी दडवू नये. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर मसाजमुळे ती सुटून फुप्फुसात अडकू शकते आणि ते जिवावर बेतते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या अंगावर जोराच्या दाबाने काळेनिळे डाग पडतात. रेटिनॉइड क्रीम (मुरमे-सुरकुत्यांवरचे, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले मलम) वापरणाऱ्याची त्वचा वॅक्सिंगमध्ये सोलली जाण्याची शक्यता असते. नुकतीच दाढी किंवा वॅक्सिंग केलेल्या जागी मिठाचा स्क्रब भयंकर झोंबतो. मद्यपान करून सॉनात बसणे हा तर शुद्ध अविचार : तापमान बहुधा ७० ते १०० अंश सेल्सिअस असते आणि चक्कर, निर्जलीभवन यांचा धोका वाढतो. ताप किंवा संसर्गजन्य त्वचारोग असल्यास तारीख पुढे ढकलावी.

सामायिक कुंडात उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ करावी. घाम, मूत्र आणि अंगावरची प्रसाधने यांचा पाण्यातील क्लोरीनशी संयोग होऊन क्लोरामाइने तयार होतात. डोळे चुरचुरवणारा जो वास ‘क्लोरीनचा’ म्हणून ओळखला जातो, तो बराचसा त्यांचाच. सॉनात फळीवर टॉवेल अंथरून बसतात.

फोन बंद ठेवावा आणि सामायिक जागेत आवाज खाली असावा. मात्र शांतता म्हणजे मुकाट सोसणे नव्हे. दाब जास्त होतो आहे, खोली गार आहे, गप्पा नको आहेत, हे तिथल्या तिथे सांगावे. घरी जाऊन कुरकुरण्यापेक्षा ते थेरपिस्टलाही सोयीचे. घोरणे किंवा पोटात गुडगुडणे यांबद्दल माफी मागायची गरज नाही.

कपडे किती उतरवायचे हे ग्राहकाने स्वतःला अवघड वाटणार नाही अशा बेताने ठरवावे. काम चालू असलेला भाग सोडून बाकी शरीर चादरीने झाकलेले असते, आणि ती चादर ग्राहकाने मुद्दाम सरकवू नये. स्त्री की पुरुष थेरपिस्ट हवा, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगावे. ग्राहकाकडून लैंगिक सूचक बोलणे, स्पर्श किंवा मागणी झाल्यास सत्र तत्काळ थांबवण्याचा थेरपिस्टला अधिकार आहे. पैसे भरले म्हणून तो संपत नाही. उलट बाजूने, थेरपिस्टने मर्यादा ओलांडल्यास ग्राहकानेही उठून व्यवस्थापकाकडे तक्रार करावी.

मसाजनंतर लगेच उभे राहू नये. रक्तदाब थोडा उतरलेला असू शकतो, शिवाय तळव्यांना तेल असते.