बेडनारिकची उगारलेली मूठ

अमेरिकन फुटबॉलमधील फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा लाइनबॅकर (बचावपटू) चक बेडनारिक याने २० नोव्हेंबर १९६० रोजी यँकी स्टेडियमवर प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्सच्या फ्रँक गिफर्डला धडक देऊन त्याची कारकीर्द संपवली आणि गिफर्ड निपचित पडला असताना मूठ उगारून आनंद साजरा केला, हा समज चुकीचा आहे. धडक नियमात बसणारी होती. तिच्यामुळे सुटलेला चेंडू ईगल्सच्या चक वेबरने ताब्यात घेतल्याने सामना जिंकल्यात जमा झाला होता, आणि तो आवेश त्या विजयाचा होता, असे बेडनारिक पुढेही सांगत राहिला. गाजलेल्या छायाचित्रावरून हा क्रम कळत नाही, आणि माझ्या मते सारा गैरसमज तिथूनच पसरला. डोक्याला गंभीर दुखापत झालेला गिफर्ड १९६१चा हंगाम खेळला नाही, हे खरे. परंतु १९६२मध्ये तो परतला आणि १९६४पर्यंत जायंट्सकडूनच खेळला.