प्रवित वोंगसुवान: बराकीतून पक्षकार्यालयापर्यंत

थायलंडच्या राजकारणात जनरल प्रवित वोंगसुवान यांचे वजन समजून घ्यायचे तर निवडणुकांकडे पाहण्याआधी लष्करातल्या बढत्या-बदल्यांची यादी पाहावी लागते. दरवर्षी 1 ऑक्टोबरला ती लागू होते, कारण साठी गाठलेले अधिकारी आदल्या दिवशी निवृत्त होतात. लष्करप्रमुख कोण, बँकॉकभोवतीच्या पलटणी कोणाच्या हाताखाली, हे तिथेच ठरते. सत्तापालट यशस्वी होणार की फसणार, हेही बरेचसे त्यावरच अवलंबून असते.

1945 साली जन्मलेले प्रवित वाढले ते पूर्वेकडच्या दुसऱ्या पायदळ डिव्हिजनमध्ये. तिचे मुख्यालय प्राचीनबुरीत, आणि राणीच्या रक्षक दलाचा मान असलेली 21वी रेजिमेंट चोनबुरीत. या गटाला ‘बुराफा फयाक’, म्हणजे पूर्वेचे वाघ म्हणतात. प्रवित, अनुपोंग पाओचिंदा आणि प्रयुत चान-ओचा हे तिघेही याच गटातले आणि प्रवित त्यांतले थोरले. ऑक्टोबर 2004 मध्ये, थाकसिन शिनावात्रा पंतप्रधान असताना, ते लष्करप्रमुख झाले आणि वर्षभराने निवृत्त झाले. धाकट्या दोघांची पाळी पुढे आली: 2007 मध्ये अनुपोंग, 2010 मध्ये प्रयुत.

मधल्या काळात प्रवित डिसेंबर 2008 पासून पंतप्रधान अभिसित वेज्जाजिवा यांच्या सरकारात संरक्षणमंत्री होते. त्याच वर्षीच्या कायद्याने जनरलांच्या नेमणुका एका समितीकडे गेल्या होत्या. तिच्यात मंत्री-उपमंत्र्यांपेक्षा सेनाप्रमुखांची संख्या जास्त, त्यामुळे नुसता निवडून आलेला मंत्री यादी फिरवू शकत नाही. प्रवित मात्र मंत्रीही होते आणि समोर बसलेल्यांचे जुने वरिष्ठही. प्रयुत यांचे नाव प्रमुखपदासाठी पक्के झाले ते याच कारकिर्दीत.

22 मे 2014 रोजी लष्करप्रमुख प्रयुत यांनी केलेल्या सत्तापालटानंतर प्रयुत पंतप्रधान आणि प्रवित उपपंतप्रधान आणि संरक्षणमंत्री झाले. प्रवित यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र 2019 चे सिनेट, म्हणजे संसदेचे वरचे सभागृह. 250 सदस्यांपैकी 194 जणांची नावे प्रवित ज्या निवड समितीचे अध्यक्ष होते तिच्यातून पुढे आली. 50 निवडणूक आयोगाने चालवलेल्या प्रक्रियेतून आणि 6 पदसिद्ध, म्हणजे सेना-पोलिसांचे प्रमुख आणि संरक्षण खात्याचे सचिव. अंतिम शब्द लष्करी राजवटीचाच. पंतप्रधान निवडताना दोन्ही सभागृहांच्या 750 पैकी 376 मते लागत. सिनेट एकगठ्ठा पाठीशी असेल तर खालच्या सभागृहातून फक्त 126 मते पुरत, विरोधकांना मात्र सगळी 376 तिथूनच जमवावी लागत. प्रयुत यांना 500 मते पडली. मतदाराच्या मताची किंमत इतकी उघडपणे कमी करणारी रचना क्वचितच पाहायला मिळते.

प्रवित यांच्या प्रतिमेला सर्वांत मोठा तडा गेला तो एका हाताच्या हालचालीने. 4 डिसेंबर 2017 रोजी मंत्रिमंडळाच्या छायाचित्रावेळी ऊन डोळ्यांवर आले म्हणून त्यांनी हात वर केला आणि बाही सरकून मनगटावरचे महागडे रिचर्ड मिल घड्याळ दिसले. मालमत्तेच्या विवरणात ते नव्हते. लोकांनी जुनी छायाचित्रे धुंडाळून वीसेक घड्याळे शोधली. दिवंगत मित्राकडून ती वापरायला घेतली होती, असा त्यांचा खुलासा होता. डिसेंबर 2018 मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगाने 5 विरुद्ध 3 मतांनी प्रकरण मिटवले. लोकांच्या मनातून ते गेले नाही, आणि जायचे कारणही नव्हते.

जून 2020 मध्ये ते पलांग प्रचारत पक्षाचे अध्यक्ष झाले. हा पक्ष म्हणजे जुन्या पक्षांतून फोडून आणलेल्या स्थानिक पुढाऱ्यांची मोट. ती बांधून ठेवणारी गोष्ट एकच, सत्तेतला वाटा. 2021 मध्ये सरचिटणीस थम्मनत प्रोम्पाओ यांच्या गटाने प्रयुत यांनाच खाली खेचायचा प्रयत्न केला, तेव्हापासून दोन जुन्या सहकाऱ्यांत अंतर पडले. ऑगस्ट-सप्टेंबर 2022 मध्ये न्यायालयाने प्रयुत यांना पंतप्रधानपदाच्या कामापासून तात्पुरते थांबवल्यावर प्रवित हंगामी पंतप्रधान होते. 2023 च्या सुरुवातीला प्रयुत वेगळ्या पक्षात गेले. मे महिन्यातल्या निवडणुकीत प्रवित यांच्या पक्षाला 40 जागा मिळाल्या. पैकी 39 मतदारसंघांतल्या, स्थानिक पुढाऱ्यांच्या जोरावर. पक्षाच्या नावावर मते मागणाऱ्या यादीतल्या 100 पैकी त्यांच्या वाट्याला एकच जागा आली.

मे 2024 मध्ये त्या सिनेटची मुदत संपली आणि पंतप्रधान निवडायचा तिचा अधिकारही गेला. ऑगस्टमध्ये पेतोंगतार्न शिनावात्रा यांचे सरकार बनताना थम्मनत यांचा गट आत गेला आणि प्रवित विरोधी बाकांवर राहिले.