धूर कोणत्या रंगाचा, आणि कधीचा

एक लिटर पेट्रोल इंजिनात पूर्ण जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळाल्यावर दुसरं होणार तरी काय? इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असले की हे पाणी अदृश्य वाफ होऊन निघून जातं. पण जानेवारीत सकाळी सहाला ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत गाडी सुरू केली, तर सायलेन्सर गार, बाहेरची हवाही गार. वाफेचे थेंब होतात, मागे पांढरा लोट दिसतो आणि नळीतून पाणी ठिबकतं. यात बिघाड काहीही नाही. सीएनजीची गाडी असेल तर लोट आणखी दाट. एक किलो पेट्रोलमधून साधारण १.४ किलो पाणी निघतं, तर एक किलो मिथेनमधून (सीएनजीतला मुख्य वायू) सव्वादोन किलो. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि थोड्या तापल्या की गॅसवर जातात. तो बदल झाल्यावर मागचा लोट अचानक वाढलेला दिसतो, तो याचमुळे.

तरीही दर थंडीत हा लोट बघून ‘हेड गॅस्केट गेलं’ (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली चकती फाटली) म्हणून कोणीतरी घाबरतंच. उलट रोज सकाळी पाच सेकंद निळा भपका सोडणाऱ्या गाडीकडे कोणी ढुंकून बघत नाही. रंगावरून काय जळतंय ते कळतं. ते कुठून आत शिरतंय हे कळायला मात्र धूर केव्हा निघतो ते पाहावं लागतं, आणि गॅरेजमध्ये नेमकं हेच कोणी विचारत नाही.

आधी रंगाचं. वाफेचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून वाफ पांढरी दिसते. जळक्या ऑइलचे कण फार बारीक असतात आणि निळा प्रकाश जास्त विखुरतात. उदबत्तीच्या टोकाशी निघणारी रेघ निळसर दिसते, तिचं कारणही तेच. गंमत म्हणजे हाच निळा धूर सूर्याकडे तोंड करून पाहिला तर तपकिरी-पिवळट वाटतो. म्हणून धूर पाहताना सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि धुरामागे काळपट भिंत किंवा झाडी हवी. काजळी प्रकाश गिळते, ती कुठूनही पाहा, काळीच. आणखी एक खूण: वाफ हात-दोन हातांवर विरून जाते, ऑइलचा धूर तरंगत राहतो.

घरच्या तपासणीला पंधरा मिनिटं पुरतात. गाडी रात्रभर उभी असावी, जमीन सपाट असावी. सुरू करण्याआधी ऑइलची स्टिक आणि कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी पाहून पातळी लिहून ठेवा. मग दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि स्वतः नळीच्या बाजूला, सहा-सात फुटांवर, मोबाइलवर व्हिडिओ चालू करून उभे राहा. पहिले दहा सेकंद, मग पाच मिनिटं न्यूट्रलवर, मग २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट, मग पुन्हा तीन-चार मिनिटं शांत आणि शेवटी एकदा रेस. व्हिडिओ लागतोच, कारण काही धूर फक्त थंड इंजिनावर निघतो. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या गॅरेजपर्यंत गाडी पोहोचते तोवर तो बंद झालेला असतो आणि मेकॅनिक म्हणतो, ‘काहीच नाही साहेब.’ हे सगळं उघड्यावर करायचं. बेसमेंट पार्किंगमध्ये तर अजिबात नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

निळ्या धुरात सर्वाधिक पैसे वाया जातात. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पण ऑइल ज्वलनकक्षात शिरायला किमान चार-पाच वाटा आहेत आणि त्यातल्या एकाच वाटेला इंजिन उतरवावं लागतं.

सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर पाच-दहा सेकंद भपका आणि मग सगळं स्वच्छ, असं असेल तर संशय वॉल्व्ह सीलवर. प्रत्येक वॉल्व्हच्या दांड्यावर रबराची एक छोटी टोपी असते. चार सिलिंडर, प्रत्येकी चार वॉल्व्ह म्हणजे १६ टोप्या. वर्षानुवर्षं तापून रबर कडक होतं, मग रात्रभरात हेडमधलं ऑइल दांड्यावरून खाली उतरून साचतं. याच दोषाची दुसरी खूण उतारावर दिसते. नाशिकहून परत येताना कसारा घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरलात की पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल बंद असतो आणि मागे जोरदार निर्वात तयार होतो. तो सैल सीलमधून ऑइल ओढून घेतो. पायथ्याशी पुन्हा पाय दाबला की आरशात निळा ढग. जुन्या डिझेलमध्ये थ्रॉटल नसतो, त्यामुळे तिथे ही परीक्षा लागू होत नाही. सील बदलायला दर वेळी हेड उतरवावं लागत नाही, हेही ठाऊक असू द्या. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून वॉल्व्ह वर दाबून धरले, तर हात बसलेला मेकॅनिक वरच्या वर सील बदलतो.

चढावर किंवा ओव्हरटेक करताना, म्हणजे इंजिनावर भार असताना, सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बुजवणाऱ्या कड्या) किंवा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा). पण त्याआधी पीसीव्ही वॉल्व्ह तपासा. इंजिनाच्या पोटात साचणारा वायू पुन्हा इनटेककडे, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेकडे, नेणारा हा छोटा भाग. इंजिन गरम करून न्यूट्रलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि भोकावर एक पातळ कागद धरा. कागद हलकेच चिकटला पाहिजे. शिट्टीसारखा आवाज करत जोरात ओढला गेला तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय किंवा वॉल्व्ह उघडाच अडकलाय, आणि ऑइल तिथूनच इनटेकमध्ये जातंय. उलट कागद उडून धुराचे फुत्कार येत असतील तर पीसीव्ही चोंदलाय किंवा रिंगांतून वायू खाली येतोय. हा भाग स्वस्त आहे आणि बदलायला बहुतेक गाड्यांत अर्धा तास लागतो. तो न पाहताच ‘हाफ इंजिन करावं लागेल’ (इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलाव्या लागतील) म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

ऑइल जास्त भरलं गेलं असेल तरी धूर येतो. स्टिकवरच्या दोन खुणांत बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास अंतर असतं. वरच्या खुणेच्याही वर ऑइल गेलं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो आणि फेस ब्रीदरमधून (पोटातला वायू वर नेणाऱ्या नळीतून) वर जातो.

रिंगा की वॉल्व्ह, याचा निकाल कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजून, लागतो. इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइल सोडवलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्यायचे. चांगल्या पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते २०० पीएसआय येतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चहाच्या चमच्याने एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा झटकन वर चढला तर रिंगा गेल्या, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती भरली. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलंय. ही ‘ओली टेस्ट’ केल्याशिवाय इंजिन उघडायला हो म्हणू नका. जाड ऑइल टाकून धूर दाबण्याचा सल्लाही बराच मिळतो. धूर कमी होतो खरा, पण पातळ ऑइलसाठी बनवलेल्या आजच्या इंजिनात, विशेषतः व्हेरिएबल वॉल्व्ह टायमिंग (ऑइलच्या दाबाने वॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी रचना) असेल तर, ते बारीक वाटांत वेळेवर पोहोचत नाही.

एक फसवणूक लक्षात ठेवण्यासारखी. नव्या पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) बराचसा ऑइलचा धूर जाळून टाकतो. धूर नाही, म्हणजे ऑइल खात नाही असं नव्हे. वर ऑइलमधलं फॉस्फरस कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतं. स्टिक दर हजार किलोमीटरला पाहावी.

इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट जळतंय. घाटकोपर-ठाण्याच्या गर्दीत एकदा गाडी ओव्हरहीट झाली आणि तशीच चालवली, की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट सुटतं. गाडी पूर्ण थंड असताना टाकीतल्या पातळीवर खूण करा आणि तीन-चार दिवस पाहा. खाली गळती नाही, तरी पातळी उतरतेय, तर प्रेशर टेस्टर लावून घ्या. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आत दाबाखाली शंभर अंशांच्या वरचं पाणी असतं. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली की गॅस्केट गेलं, असं सरसकट मानतात. पावसाळ्यात रोज फक्त स्टेशनपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत नुसत्या ओलाव्यानेही झाकणाला साय धरते. स्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र बातमी वाईट.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर वंदना सिनेमाच्या परिसरात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि नंतर दहा मिनिटं वाफ आली, तर सायलेन्सरमधलं पाणी सुकतंय, इतकंच. पण पाण्यातच इंजिन बंद पडलं असेल तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी एअर फिल्टर उघडून पाहायचा. तो ओला असेल तर प्लग काढूनच इंजिन फिरवायचं.

डिझेलचा डोळे झोंबवणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पुस्तकं आधी हीटर प्लगकडे (थंड डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगकडे) बोट दाखवतात. ठाणे-मुंबईकडे पारा क्वचितच १५ अंशांखाली जातो, त्यामुळे एखादा हीटर प्लग गेला तरी वर्षभर कळत नाही. इथे डिझेल फवारणारं नोझल आणि कॉम्प्रेशन आधी तपासलेलं बरं.

काळा धूर म्हणजे हवा कमी, इंधन जास्त. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणून पहिला सल्ला ‘फिल्टर बदला’. मेट्रोच्या कामांच्या धुळीत फिल्टर पाच हजार किलोमीटरला उघडून पाहावा हे खरंच. पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोंदला तर कॉम्प्युटर हवा मोजून पेट्रोलही कमी करतो. पिकअप पडतो, काळा धूर सहसा येत नाही. तिथे स्कॅनर लावून कूलंटचं तापमान पाहा. इंजिन तापलेलं असूनही ३० अंशच दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि कॉम्प्युटर थंड इंजिन समजून पेट्रोल ओततोय. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधनात करत असलेली कमी-जास्त) उणे १५-२० टक्के असेल तर गळका इंजेक्टर किंवा वाढलेलं फ्युएल प्रेशर बघायचं.

डिझेलमध्ये फिल्टरचा दोष खराच असतो. त्याखालोखाल टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या भागाकडे) जाणारा होज पाइप. पाय दाबला की फुसफुस आवाज, पिकअप नाही आणि मागे काळा लोट, असं असेल तर क्लॅम्पपाशी ऑइलचा ओलावा शोधा. नुसता क्लॅम्प आवळून काम झालेल्या गाड्या कमी नाहीत. बीएस-६ या नव्या प्रदूषण-निकषाची डिझेल गाडी मात्र काळा धूर सोडूच नये, कारण काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत अडकते. गाडी तरीही काळा धूर सोडत असेल तर डीपीएफ तडकलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय. ही काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळावी लागते आणि त्यासाठी इंजिन जादाचं डिझेल फवारतं. ठाण्यातल्या सिग्नल ते सिग्नल प्रवासात ते अर्धवट राहतं, जादाचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि स्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नका, ते पातळ झालंय. लगेच बदला.

आणि ‘पीयूसी पास आहे’ हे उत्तर यातल्या कशालाच चालत नाही. बीएस-४ पेट्रोल गाडीला न्यूट्रलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा, तीही गरम इंजिनावर मोजलेली. सकाळच्या पाच सेकंदांच्या निळ्या भपक्याची त्या मशीनला खबरही नसते.

निळ्या धुरावर ऑइल भरत काही महिने काढता येतात. गोड वासाचा पांढरा धूर आणि तापमानाचा काटा वर, अशी जोडी दिसली तर गाडी जागीच बंद करून टो करायची. एक प्रसंग दुर्मीळ, पण सर्वांत धोक्याचा: टर्बोचं सील फुटून डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल इंधनासारखं पिऊ लागतं. निळ्या-पांढऱ्या धुराचा डोंगर उठतो, आरपीएम आपोआप चढतात आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर हँडब्रेक ओढून, पायाने ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकायचा आणि क्लच एकदम सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं. ऑटोमॅटिकमध्ये ही सोय नाही. सगळ्यांना उतरवून लांब उभं राहायचं आणि बॉनेट उघडायला जायचं नाही.