मदतीची पोच

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रात ताप न उतरणारे मूल येते. समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवर नोंद करतात, पडद्यावर दूरच्या शहरातील डॉक्टर दिसतात, चार प्रश्न विचारतात, औषधे लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. केंद्र सरकारची ही दूरवैद्यक सेवा 2019 च्या नोव्हेंबरपासून सुरू झाली आणि कागदोपत्री पाहिले तर हे प्रकरण तिथेच मिटते. ते मूल तिसऱ्या दिवशी अंगणात खेळू लागले, हे मात्र त्या डॉक्टरांना सहसा कळत नाही. आदल्या संध्याकाळी वस्तीवर जाऊन आईची समजूत घालणाऱ्या आणि तिला उपकेंद्रापर्यंत घेऊन येणाऱ्या गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईंना, तर सल्ला कोणी दिला हेही ठाऊक नसते. तिघांनी मिळून एक काम तडीस नेले, पण तिघांपैकी कोणालाही दुसऱ्याचे आभार मानण्याची वेळ आली नाही, कारण कोणाच्या मदतीने काय साधले हे पाहण्याची सोयच त्या यंत्रणेत नाही.

दूरस्थ काम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुण्याच्या कंपनीसाठी आर्वीत किंवा दारव्ह्यात घरी बसून लॅपटॉप चालवणारा तरुण येतो, आणि 2020 नंतर अशी मुले विदर्भातल्या खेड्यापाड्यांत खरोखरच दिसू लागली. परंतु एकमेकांना न दिसता, एकमेकांवर विसंबून काम करण्याची रीत आपल्या आरोग्यव्यवस्थेत त्याहून जुनी आहे. आशा कार्यकर्ती साधारण हजार लोकसंख्येमागे एक, आदिवासी भागातील उपकेंद्र तीन हजारांमागे एक, प्राथमिक आरोग्य केंद्र वीस हजारांमागे एक, अशी ही रचना असते आणि मधली अंतरे घाटाची, नाल्यांची व पावसाळ्यात तुटणाऱ्या रस्त्यांची असतात. अंतर पडले की माणसांमधले दुवे सैल होतात, हे शहरी कार्यालयांविषयीचा मोठा पुरावाही सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील 61 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्कनोंदी तपासणाऱ्या अभ्यासात असे आढळले की, सगळे घरून काम करू लागल्यावर लोक आपापल्या गटापुरते उरले आणि गटागटांमधले दुवे विरळ झाले. आभाराचा प्रश्न नेमका या दुव्यांवर उभा राहतो, कारण आपल्या गटातल्या माणसाला आपण काहीतरी बोलतोच. पलीकडच्या टोकावरचा माणूस तसाच राहून जातो.

मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो यांच्या मांडणीनुसार कृतज्ञता ही केवळ परतफेडीची भावना नसून आपल्याशी चांगले वागणारा माणूस ओळखणे, त्याची आठवण ताजी ठेवणे आणि त्याच्याशी नाते घट्ट करणे हे तिचे काम आहे. या मांडणीचा तंत्रज्ञानाशी संबंध असा की, ज्या उपकरणाने माणूस ओळखूच येत नाही त्या उपकरणात आभाराचे कितीही गोंडस बटण बसवले तरी मूळ काम होत नाही. अल्गो आणि सहकाऱ्यांनी जोडीदारांच्या संवादांवर केलेल्या 2016 च्या अभ्यासात आणखी एक उपयुक्त भेद दिसला. ‘मला किती बरे वाटले’ असे सांगणाऱ्या आभारांपेक्षा ‘तुम्ही हे असे केले, हे तुमचे मोठेपण’ असे समोरच्याच्या कृतीवर बोट ठेवणारे आभार ऐकणाऱ्याला अधिक भिडतात.

मग माणसे असे बोलत का नाहीत? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये याचा छडा लावला. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली, वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज घ्यायला सांगितला आणि नंतर वाचणाऱ्यांनाच विचारले. लिहिणाऱ्यांना भीती वाटत होती की समोरच्याला अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात तसे फारसे झाले नाही, उलट आनंद आणि आश्चर्य अपेक्षेहून बरेच जास्त निघाले. लिहिणारा आपले शब्द बरोबर जुळले का याची काळजी करत बसतो, तर वाचणारा त्यातली ऊब पाहतो. आपल्याकडे या संकोचात वरिष्ठ-कनिष्ठाची भर पडते. ‘डॉक्टरसाहेबांना मी काय आभार कळवणार’ असे आशाताईंना वाटते आणि ‘काम आहे ते, त्यात आभार कसले’ असे साहेबांना वाटते.

येथे एक सावधगिरी हवी. शब्दांनी आभार मानणे हीच कृतज्ञतेची खूण, असे गृहीत धरून परदेशी कार्यालयांत चालणारी सॉफ्टवेअरे जशीच्या तशी मेळघाटात आणणे चुकीचे ठरेल. सिमिओन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतील आठ भाषांमधील रोजच्या संभाषणांची ध्वनिचित्रमुद्रणे तपासली, तेव्हा मागितलेली मदत मिळाल्यानंतर तोंडी आभार मानले गेल्याचे प्रसंग साधारण वीसात एक एवढेच होते. इंग्रजी आणि इटालियन भाषिकांमध्ये ते प्रमाण बरेच वर होते आणि इक्वाडोरमधील एका भाषेत ते शून्य होते. म्हणजे जगात बहुतेक ठिकाणी मदत मिळाली की माणसे मुकाट्याने पुढच्या कामाला लागतात आणि वेळ आली की स्वतः मदतीला उभी राहतात. आपल्याकडच्या इर्जिकीत हेच तर होते. शेजारी आपापल्या बैलजोड्या घेऊन येतात, दिवसभरात एकाचे शेत उरकते, रात्री त्याच्या घरी पंगत बसते आणि उद्या तो दुसऱ्याच्या बांधावर हजर असतो. कोणी कोणाला औपचारिक काही म्हणत नाही, कारण नांगरलेले शेत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते.

दूरच्या कामात हे डोळ्यांसमोरचे शेतच नाहीसे होते, आणि माझ्या मते संगणकीय रचनाकारांनी सर्वांत आधी भरून काढण्याची उणीव ती आहे. पण बहुतेकांचा हात पहिल्यांदा बटणाकडे जातो. व्हॉट्सअॅपवर 2022 पासून संदेशाला चिन्हाने प्रतिसाद देता येतो, तरीही तालुक्याचा कोणताही शासकीय समूह उघडून पाहावा: आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांनी लसीकरणाचा आकडा टाकला की खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, वाढदिवसालाही तेच हात, शोकसंदेशालाही तेच हात आणि त्या गर्दीत ‘उद्याच्या सत्राला लसींची पेटी कोण नेणार’ हा कामाचा प्रश्न वर कुठेतरी बुडून जातो. खूण इतकी स्वस्त झाली की तिच्यावरून काहीच कळेनासे होते.

आभारात श्रम दिसावे लागतात याचा एक मासलेवाईक प्रयोग जर्मनीत झाला. सेबास्टियन क्युबे, मिशेल मारेशाल आणि क्लेमेन्स पुप्पे या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यासाठी तात्पुरते विद्यार्थी नेमले. काहींना ठरलेल्या मजुरीवर 7 युरो जास्त दिले, तर कामाच्या वेगात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. काहींना तेवढ्याच किमतीची थर्मासची बाटली छान गुंडाळून भेट दिली, तेव्हा वेग सुमारे 25 टक्क्यांनी वाढला. खरी गंमत पुढे आहे: तेच 7 युरो नोटेची कागदी घडी करून, म्हणजे नोटेचा छोटा सदरा बनवून दिले, तेव्हाही बाटलीइतकाच परिणाम दिसला. पैसा तोच, फरक एवढाच की कोणीतरी आपल्यासाठी बसून घडी घातली होती. हाच नियम यंत्राने सुचवलेल्या तयार उत्तरांना उलट बाजूने लागू पडतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा उत्तरांमुळे संभाषणाची भाषा अधिक गोड झाल्याचे दिसले, पण समोरचा यंत्राचे शब्द वापरतो आहे असा नुसता संशय आला तरी त्याच्याविषयीचे मत खालावले. म्हणून आभाराचा मजकूर यंत्राने लिहून देण्याच्या सोयीला माझा साफ विरोध आहे. यंत्राने आठवण करून द्यावी, माणूस शोधून द्यावा आणि बाजूला व्हावे.

मग नेमके काय बांधावे? अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा 2007 चा प्रयोग लहान असला तरी वाट दाखवणारा आहे. एका अमेरिकी विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींची त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घडवली गेली. महिन्याभरानंतर या गटाचा फोनवरील वेळ 142 टक्क्यांनी आणि जमा केलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांनी विद्यार्थ्याचे पत्र केवळ वाचले होते त्यांच्यात असा बदल झाला नाही. आपल्या कामाचे पुढे काय झाले हे जिवंत माणसाच्या तोंडून कळणे, हाच येथला कळीचा भाग.

धारणीच्या उदाहरणात याचे रूप साधे असू शकते. संदर्भित, म्हणजे पुढच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पाठवलेल्या, रुग्णाची नोंद बंद करताना उपकेंद्रातील परिचारिकेपुढे दोनच गोष्टी याव्यात: या रुग्णापर्यंत कोणाकोणाचे हात लागले त्यांची यादी, आणि पंधरा सेकंदांचा आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय. प्रसूतीची केस असेल तर, ‘ताई, तुम्ही रात्री गाडीला तीनदा फोन लावला म्हणून ती वेळेत पोहोचली. मुलगी झाली, आई-बाळ बरे आहेत.’ एवढेच. आवाज यासाठी की लिखित मजकुरात सूर हरवतो. जस्टिन क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या प्रयोगात ई-मेल पाठवणाऱ्यांना वाटत होते की आपण गंभीरपणे लिहिले की उपरोधाने, हे 78 टक्के वेळा ओळखले जाईल. प्रत्यक्षात ते 56 टक्केच ओळखले गेले, म्हणजे नाणे उडवल्यापेक्षा जरासे बरे. दुसरे कारण मेळघाटाचेच आहे. येथे अनेकांची घरातली भाषा कोरकू आहे, तिची लिहिण्याची सवय फार थोड्यांना आहे, आणि उन्हातान्हात वस्त्या फिरून आलेल्या बाईला मोबाइलवर देवनागरी टंकलेखन करायला लावणे म्हणजे आभाराच्या नावाखाली आणखी एक अहवाल मागणे होय.

तांत्रिकदृष्ट्या हे जडही नाही. ओपस नावाची ध्वनिसंकेतन पद्धत 2012 मध्ये मानक म्हणून जाहीर झाली आणि ती सेकंदाला 16 हजार बिटांतही बोलणे स्वच्छ ठेवते. त्या हिशेबाने पंधरा सेकंदांचा निरोप 30 किलोबाइटच्या आसपास बसतो, जो साध्या छायाचित्राहून कितीतरी हलका आहे. तो फोनमध्येच साठवून ठेवावा आणि टेकडीवर किंवा बाजाराच्या गावी रेंज मिळाली की आपोआप पुढे जाऊ द्यावा. थेट व्हिडिओ भेटीचा हट्ट येथे नको. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे असते. जोडणीच्या विलंबाने ते वाढले की ऐकणाऱ्याला दोष नेटवर्कचा न वाटता माणसाचा वाटू लागतो, तो तुटक किंवा दुर्लक्ष करणारा भासतो. साठवून पाठवलेल्या आवाजात हा घोळ होत नाही. रुग्णाचे नाव, आजार आणि गाव मात्र निरोपात येऊ नये, हा नियम कडक हवा. लहान गावात ‘परवाची ती केस’ एवढ्यावरूनही सगळे उलगडते, त्यामुळे निरोप ठरावीक दिवसांनी आपोआप पुसला जावा.

आभार जाहीर असावेत की खासगी, यावर पुरावा दोन्हीकडे झुकतो. विकिपीडियावर सर्वाधिक काम करणाऱ्या 1 टक्का संपादकांमधून काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून 2012 च्या एका प्रयोगात बार्नस्टार नावाचे मानचिन्ह दिले गेले, तेव्हा पुढच्या 90 दिवसांत त्यांचे काम मानचिन्ह न मिळालेल्यांपेक्षा 60 टक्क्यांनी जास्त भरले. मानचिन्ह दुसऱ्या एका संपादकाने हाताने दिलेले होते, त्यात पैसा किंवा गुण नव्हते. हेच चिन्ह ‘या महिन्यातील सर्वोत्तम आशा’ अशा क्रमवारीत बसवले की त्याचा स्वभाव बदलतो. मग जवळच्या वस्तीची आशा पुढे जाते आणि नाला ओलांडून जाणारी मागे पडते. क्रमवारी टाळून, ऐकणारीच्या संमतीने एखादा निरोप मासिक बैठकीत सर्वांना ऐकवावा, इतपत जाहीरपणा मला योग्य वाटतो.

आणि मोबदल्याचा विषय टाळून हे सारे बोलणे अप्रामाणिक होईल. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या मे महिन्यात भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. 2023-24 मध्ये महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीसाठी संपावर होत्या. आभाराची यंत्रणा थकलेल्या मोबदल्याच्या जागी आणून बसवली तर ती ऐकणाऱ्याला चिडवल्यासारखी वाटेल, आणि तसे वाटणे रास्तच असेल. त्यामुळे ज्या पडद्यावर निरोप येतो त्याच पडद्यावर त्या महिन्याचा मोबदला कोठवर पोहोचला हेही दिसावे.

अशी सोय उपयोगी आहे की नाही हे किती निरोप गेले यावरून मोजू नये, कारण आकडा मागितला की आकडा तयार होतो. काही उपकेंद्रांना ती आधी आणि काहींना सहा महिन्यांनी द्यावी, कोणाला आधी हे चिठ्ठी टाकून ठरवावे आणि अडलेल्या वेळी पहिला फोन किती लवकर केला जातो हे दोन्हीकडे पाहावे. ज्या परिचारिकेने मागच्या वेळी उलट निरोप पाठवला तिला रात्री दोन वाजता फोन लावायला आशाताई कमी कचरतात का, आणि शहरातील डॉक्टर तीच तक्रार घेऊन आलेल्या दुसऱ्या मुलासाठी दोन प्रश्न जास्त विचारतात का, या दोन गोष्टी पाहाव्यात.